लेख सध्या कुणाकडे अडकलाय?

लोकप्रिय संगीताच्या अभ्यासाला वाहिलेल्या जर्नलने 'संपादक मंडळात स्वयंसेवक हवेत' असं जाहीर केलं की येणाऱ्या अर्जांत एक वाक्य हमखास असतं: संगीताची मनापासून आवड आहे. आवड असणारच, ती नसलेला माणूस या वाटेला फिरकत नाही. जाहीर करणाऱ्याला मात्र वेगळंच काही जाणून घ्यायचं असतं. पत्राला तीन दिवसांत उत्तर देता का? आठ हजार शब्दांचा निबंध संदर्भसूचीतल्या शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत न कंटाळता वाचता का? आणि 'हे मला या महिन्यात जमणार नाही' असं महिना उलटायच्या आत सांगता का? इथे पगार नाही, म्हणून कुणाला कुणाचा धाकही नाही. निबंध नाकारला गेला तर लेखक चार दिवस खट्टू होतो आणि दुसरं जर्नल शोधतो. सात महिने काहीच कळलं नाही तर तो त्या जर्नलचं नाव कायमचं लक्षात ठेवतो. या जर्नलांमध्ये निबंध मरतात ते नकाराने कमी आणि कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहिल्याने जास्त. म्हणून स्वयंसेवी संपादकाने रोज विचारायचा प्रश्न एकच आहे, या लेखाच्या मथळ्यात आहे तो.

हे क्षेत्र तसं तरुण आहे. 'पॉप्युलर म्युझिक अँड सोसायटी' अमेरिकेत 1971 साली निघालं. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचं 'पॉप्युलर म्युझिक' 1981 सालचं. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला भरलेल्या परिषदेतून आयएएसपीएम ही लोकप्रिय संगीताच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे संघटनेने स्वतःचं ऑनलाइन जर्नल काढलं, वाचकाला मोफत आणि लेखकाकडूनही पैसे न घेणारं. या पद्धतीला डायमंड ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने जगात अशी 17,000 ते 29,000 जर्नलं असावीत असा अंदाज मांडला, आणि त्यांचा गाडा मुख्यतः स्वयंसेवकांच्या खांद्यावर चालतो हेही दाखवलं. व्यावसायिक प्रकाशकांकडे सगळ्या संपादकांना भरघोस मोबदला मिळतो असं मात्र नाही. भाषाशास्त्रातल्या 'लिंग्वा' या जर्नलच्या संपूर्ण संपादक मंडळाने 2015 साली एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे राजीनामे देऊन 'ग्लॉसा' हे खुलं जर्नल काढलं. त्यामागची तक्रार हीच होती की राबायचं अभ्यासकांनी आणि वाचायला पैसे मोजायचे तेही अभ्यासकांनीच. फुकटच राबायचं तर ज्याचं फळ सगळ्यांना फुकट मिळेल तिथे राबावं, हा हिशेब मला पटतो.

पदांची नावं भारदस्त असतात. मुख्य संपादक, सहसंपादक, पुस्तक परीक्षण विभागाचा संपादक, मजकूर आणि संदर्भ तपासून दुरुस्त करणारा कॉपी एडिटर, मुद्रितशोधक, मांडणी पाहणारा, संकेतस्थळ सांभाळणारा, काही ठिकाणी सारांशांचं भाषांतर करणारा. छोट्या जर्नलमध्ये यातली तीन पदं एकाच माणसाकडे असतात. नवख्याने थेट सहसंपादकपद मागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी एक वर्ष कॉपी एडिटिंग करावं. निबंध कुठे कच्चे असतात, कुठले संदर्भ चुकतात, लेखक प्रश्नांना कशी उत्तरं देतात, हे तिथे जितकं कळतं तितकं परिषदांमध्ये बसून कळत नाही. पद घेण्याआधी मुदत विचारून घ्यावी. दोन किंवा तीन वर्षांची ठरलेली मुदत असेल तर ठीक. 'जमेल तोवर' असं उत्तर आलं तर आधीचा माणूस थकून निघून गेलाय असं समजायला हरकत नाही.

बहुतेक खुली जर्नलं ओपन जर्नल सिस्टिम्स म्हणजे ओजेएस या मोफत प्रणालीवर चालतात. तिच्यात निबंधाचे चार टप्पे असतात: सबमिशन (निबंध येणं), रिव्ह्यू (बाहेरच्या अभ्यासकांनी तो वाचून मत देणं), कॉपीएडिटिंग, प्रॉडक्शन (अंतिम मांडणी). निबंध आला की पहिल्या टप्प्यावर साधारण अर्धा तास द्यायचा. विषय जर्नलच्या कक्षेत बसतो का, शब्दमर्यादा पाळली आहे का, आणि रिव्ह्यूअरला, म्हणजे मत देणाऱ्या अभ्यासकाला, कळू नये म्हणून लेखकाची ओळख पुसली आहे का. शेवटची गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. पहिल्या पानावरचं नाव लेखक काढतो, पण वर्ड फाइलच्या गुणधर्मांत ते तसंच राहतं. 'डॉक्युमेंट तपासा' ही सोय वापरून ते पुसावं लागतं. आभार, शोधप्रकल्पाच्या अनुदानाचा क्रमांक, 'मी माझ्या आधीच्या निबंधात दाखवल्याप्रमाणे' अशी वाक्यं, शेरे लिहिणाऱ्याचं नाव, हे सगळं ओळख उघडी पाडतं. शिवाय लोकप्रिय संगीतात अभ्यासक पुष्कळदा स्वतःच त्या वर्तुळातला असतो, त्याच बँडमध्ये ड्रम वाजवलेला. एखाद्या शहरातल्या नॉइज संगीताच्या वर्तुळावर लिहिणारी माणसं जगात तीन असतील तर नाव झाकून फार उपयोग नाही. तरीही झाकावं. ओळख पटली तर आपणहून कळवायची विनंती रिव्ह्यूअरला आमंत्रणातच करावी.

कक्षेत न बसणारा निबंध दोन आठवड्यांच्या आत परत करावा. इथे भिडस्त संपादक घोटाळा करतात. लगेच नाही म्हणणं वाईट दिसेल म्हणून ते निबंध रिव्ह्यूला पाठवतात, दोन अभ्यासकांचे चार-चार तास खर्ची घालतात आणि तीन महिन्यांनी तेच उत्तर देतात. अल्बमची निव्वळ प्रशस्ती, आकडेवारीला संगीताची फोडणी दिलेली बाजारपाहणी, पीएचडीचं एक प्रकरण जसंच्या तसं कापून आणलेलं: हे तीन प्रकार पुन्हा पुन्हा येतात. पहिले दोन परत जातात. तिसऱ्याच्या लेखकाला लिहावं की प्रबंधाच्या प्रकरणाला आधीच्या प्रकरणांचा टेकू असतो आणि निबंधाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, तेव्हा प्रश्न पहिल्या दोन पानांत मांडून पुन्हा पाठवा.

खरी दमछाक होते ती रिव्ह्यूअर शोधताना. दोन जण मिळवायला पाच-सहा आमंत्रणं जाणं नेहमीचं आहे, विषय अरुंद असला तर दहाही जातात. नावं शोधायची पहिली जागा निबंधाची संदर्भसूची. पण ज्याच्या मतावर निबंध अख्खाच्या अख्खा उभा आहे त्यालाही बोलवू नये आणि ज्याच्यावर टीका आहे त्यालाही नाही. दुसरी जागा गेल्या दोन-तीन वर्षांतल्या परिषदांचे कार्यक्रम. नुकतीच पीएचडी झालेली माणसं नामवंतांपेक्षा बारकाईने वाचतात आणि वेळेवर देतात, हा अनुभव या कामातला कुणीही सांगेल. निवड करताना एक जण त्या संगीतप्रकाराचा किंवा प्रदेशाचा जाणकार घ्यावा आणि दुसरा अभ्यासपद्धतीचा. हेवी मेटल ऐकणाऱ्यांच्या मुलाखतींवरचा निबंध दोन संगीतशास्त्रज्ञांकडे गेला तर दोघंही विचारतील, 'यात संगीत कुठे आहे?' दोन समाजशास्त्रज्ञांकडे गेला तर मुलाखतींची संख्या मोजली जाईल आणि गिटारच्या विकृत केलेल्या आवाजाबद्दल लेखकाने लिहिलेला चुकीचा परिच्छेद तसाच छापला जाईल. हे क्षेत्र या दोन घराण्यांच्या संसारातून उभं राहिलंय, आणि कुरबुर अजून मिटलेली नाही.

आमंत्रणाचं पत्र छोटं असावं. निबंधाचं शीर्षक, सारांश, शब्दसंख्या, आणि मुदत तारखेत. 'चार आठवड्यांत' असं लिहिलं की ते चार आठवडे पत्र उघडलेल्या दिवसापासून मोजले जातात. सात दिवसांत हो किंवा नाही कळवा, आणि नाही म्हणत असाल तर दुसरं एक नाव सुचवा, एवढं मागावं. नकारासोबत आलेली नावं हा संपादकाचा सगळ्यात मोठा ठेवा आहे, त्यांची वेगळी यादी ठेवावी. एका वेळी दोनच आमंत्रणं पाठवावीत. सहा जणांना एकदम विचारलं आणि चौघं हो म्हणाले तर दोघांचं काम वाया जातं, आणि ती दोघं पुन्हा कधी हो म्हणत नाहीत. ओजेएसमधून आपोआप जाणारं पत्र स्पॅममध्ये पडतं, म्हणून उत्तर आलं नाही तर चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःच्या पत्त्यावरून दोन ओळी लिहाव्यात. मुदतीच्या आठवडाभर आधी एक आठवण, मुदतीच्या दिवशी दुसरी, आठवड्यानंतर तिसरी. मुदत संपून दोन आठवडे झाले की आभार मानून त्या व्यक्तीला मोकळं करावं आणि पुढचं नाव घ्यावं. 'या वीकेंडला नक्की देतो' हे वाक्य ज्याने दोनदा लिहिलं त्याच्याकडून अहवाल येत नाही.

दोन अहवाल आले, एक म्हणतो छापा, दुसरा म्हणतो फेकून द्या. अशा वेळी तिसरा रिव्ह्यूअर शोधणं हा पळपुटेपणा असतो. त्यात आणखी दोन महिने जातात आणि तिसरा मधलंच काही बोलतो. आधी संपादकाने निबंध स्वतः पुन्हा वाचावा. दहातल्या आठ वेळा कळतं की दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. तिसरा हवा तो फक्त तेव्हा, जेव्हा वाद एखाद्या तांत्रिक मुद्द्यावर आहे आणि तो सोडवण्याइतकं आपल्याला कळत नाही.

निर्णयाचं पत्र म्हणजे दोन अहवाल चिकटवून वर 'कृपया सोबतच्या सूचना पाहाव्यात' असं लिहिणं नव्हे. पहिल्याच वाक्यात निर्णय सांगावा. मग करायलाच हव्यात अशा तीन ते पाच गोष्टी. मग दोन रिव्ह्यूअर एकमेकांच्या विरुद्ध कुठे बोलतात आणि तिथे लेखकाने कुणाचं ऐकायचं. मग ऐच्छिक सूचना, आणि शेवटी तारीख: किरकोळ दुरुस्तीला चार आठवडे, मोठ्या दुरुस्तीला आठ ते दहा. रिव्ह्यूअरने स्वतःचेच चार निबंध वाचायला सांगितले असतील तर लेखकाला लिहावं की यातला खरोखर उपयोगी पडेल तोच घ्या. अहवालातलं एखादं वाक्य अपमान करणारं असेल तर ते गुपचूप बदलू नये. ज्याने लिहिलं त्याला परत पाठवून सौम्य करायला सांगावं. बहुतेक जण लाजून करतात.

एव्हाना निबंध स्वीकारला गेलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं आता छापायचंच बाकी आहे. इथे हक्कांचा प्रश्न उभा राहतो, आणि लोकप्रिय संगीताच्या जर्नलमध्ये निबंध सगळ्यात जास्त काळ अडकतो तो इथेच. गाण्याचे शब्द आणि चाल एका मालकाचे, म्हणजे बहुधा म्युझिक पब्लिशरचे. ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं, बहुधा रेकॉर्ड कंपनीचं. लेखक गायकाला पत्र लिहितो, गायक आनंदाने होकार देतो, आणि त्या होकाराला काडीची किंमत नसते, कारण शब्दांचे हक्क त्याने केव्हाच विकलेले असतात. मैफलीचा फोटो बँडचा नसून फोटोग्राफरचा असतो. 'चार ओळींपर्यंत चालतं' असा नियम कुणीतरी ऐकलेला असतो. असा सगळीकडे चालणारा नियम नाही. अमेरिकेत 1976 च्या कायद्याच्या कलम 107 मध्ये फेअर यूज, म्हणजे परवानगीविना चालणारा वाजवी वापर, ठरवायचे चार निकष आहेत, त्यांत ओळींचा आकडा नाही. ब्रिटनने 2014 साली अवतरणांसाठी वेगळी सूट दिली, तिच्यातही गरजेपुरतंच घ्या एवढंच सांगितलंय. आणि ज्या देशातून जर्नल निघतं त्या देशाचा कायदा एक असतो, लेखकाचा दुसरा, गाण्याच्या मालकाचा तिसरा.

म्हणून व्यवहारात तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक उद्धृत ओळीमागे तिचं विश्लेषण आहे का ते पाहावं, आणि नुसती शोभेची ओळ काढून टाकावी. निबंधाच्या सुरुवातीला बोधवाक्य म्हणून टाकलेलं कडवं तर हमखास काढावं, कारण टीका किंवा समीक्षा म्हणून ते कधीच उभं राहत नाही. अख्खं गाणं परिशिष्टात देऊ नये. शीर्षकाची काळजी नको, गाण्याच्या नुसत्या नावावर कॉपीराइट नसतो. परवानगी लागणारच असेल तर निबंध स्वीकारल्याच्या दिवशी मागायला सांगावी. मोठ्या पब्लिशरांचं उत्तर यायला महिने लागतात. उत्तरात 'पाचशे प्रती, तीन वर्षं' अशी अट येते, जी कायम खुल्या राहणाऱ्या जर्नलला पाळताच येत नाही. तेव्हा पत्रातच 'जगभर, कायमस्वरूपी, ऑनलाइन' हे शब्द घालावेत. जर्नल क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे वाचकांना मजकूर पुढे वाटायची मुभा देऊन, निघत असेल तर दुसऱ्याच्या मालकीचं चित्र त्या परवान्यात येत नाही, असं चित्राखाली स्पष्ट छापावं लागतं. हे विसरतात फार.

आता कॉपी एडिटिंग. सरळ लिहिलेल्या आठ हजार शब्दांना सहा ते आठ तास लागतात, इंग्रजी ज्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे त्याच्या निबंधाला त्याच्या दुप्पटही लागू शकतात. क्रम महत्त्वाचा. आधी संदर्भ: मजकुरातला प्रत्येक उल्लेख सूचीत आहे का आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात आहे का. मग नावं आणि सालं. भाषा सगळ्यात शेवटी. नवखे उलट करतात, सुंदर घासूनपुसून ठेवलेला परिच्छेद मग संदर्भच खोटा निघाल्याने लेखक काढून टाकतो. लेखकाला विचारायचे प्रश्न क्रमांक घालून एकाच फेरीत पाठवावेत. भाषा दुरुस्त करताना जे संदिग्ध आहे तेवढंच बदलावं. दुसऱ्या भाषेतून आलेल्या लेखकाच्या वाक्याला त्याची स्वतःची चाल असते. ती मोडून सगळ्यांना एकाच देशातल्या विद्यापीठाची भाषा बोलायला लावणं हे आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या जर्नलला शोभत नाही.

नावांत आणि आवृत्त्यांत या विषयाची खरी मौज आहे, डोकेदुखीही तीच. गायिका केडी लँग इंग्रजीत आपलं नाव सगळं लहान अक्षरांत लिहिते. मग वाक्याची सुरुवात तिच्या नावाने झाली तर? वाक्य फिरवावं, हा सगळ्यात सोपा उपाय. गायिका ब्यर्क आइसलँडची, तिच्या नावातला दुसरा भाग आडनाव नसून वडिलांच्या नावावरून आलेला, म्हणून सूचीत ती पहिल्या नावानेच लागते. बियॉन्सेच्या नावातला शेवटचा स्वराघात लेखक अर्ध्या निबंधात घालतो, अर्ध्यात विसरतो. पडद्यावर ओठ हलवणारा एक आणि गाणारा दुसरा असेल तिथे 'अमुकचं गाणं' याचा अर्थ काय, ते लेखकाला विचारावं लागतं. गायक, संगीतकार, गीतकार, निर्माता यांतला नेमका कोण अभिप्रेत आहे?

आवृत्त्यांचं तर विचारू नका. बीटल्सच्या 1966 सालच्या 'रिव्हॉल्व्हर'वर ब्रिटनमध्ये 14 गाणी होती, अमेरिकेत निघालेल्या अल्बमवर 11. 'अल्बमवरचं तिसरं गाणं' असं लेखक लिहून गेला तर ब्रिटिश आवृत्तीत ते एक निघतं आणि अमेरिकन आवृत्तीत दुसरंच. स्ट्रीमिंगवर ऐकून लिहिणारे लोक कधी रीमास्टरचं, म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण नव्याने सुधारून काढल्याचं, साल हेच गाण्याचं साल समजतात, आणि साठच्या दशकातलं गाणं सूचीत 2009 सालचं होऊन बसतं. म्हणून डिस्कोग्राफीच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणांच्या सूचीच्या, नोंदीत कलाकार, शीर्षक, लेबल, कॅटलॉग क्रमांक, देश, पहिल्या प्रकाशनाचं साल आणि प्रत्यक्षात ऐकलेल्या आवृत्तीचं साल, इतकं हवं. 'दोन मिनिटं चौदा सेकंदांवर बास थांबतो' हे वाक्य कुठल्या आवृत्तीबद्दल आहे हे सांगितलं नाही तर निरुपयोगी. मायकल जॅक्सनचं 'थ्रिलर' अल्बमवर साधारण सहा मिनिटांचं आहे आणि त्याचा व्हिडिओ सुमारे चौदा मिनिटांचा. कॉपी एडिटरने वेळेचा प्रत्येक आकडा स्वतः ऐकून पडताळावा. कंटाळवाणं आहे, पण चुका सापडतात. यूट्यूबचा दुवा एकटा संदर्भ म्हणून कधीच स्वीकारू नये. व्हिडिओ काढून टाकले जातात, खाती बंद पडतात, आणि पाच वर्षांनी निबंधातला मुख्य पुरावा म्हणून एक करडा चौकोन दिसतो. दुवा मेला तरी ध्वनिमुद्रण सापडलं पाहिजे, एवढी माहिती शेजारी असावी.

स्वरलेखन आणि आलेखांकडे संपादक दबकत पाहतात, कारण सगळ्यांनाच स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, वाचता येत नाही. ज्याला येतं असा एक तरी माणूस मंडळावर असावा. मोजक्या गोष्टी तपासायच्या: क्लेफ (रेघांच्या सुरुवातीचं, कुठली रेघ कुठला सूर ते सांगणारं चिन्ह), मात्रा, सुराची चिन्हं, शब्द योग्य स्वरांखाली बसलेत का, आणि मजकुरात म्हटलेला बार (आवर्तन) क्रमांक चित्रात तोच आहे का. ध्वनिमुद्रणाचा सूर पियानोवर बसेलच असं नाही हे लक्षात ठेवावं. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'मध्ये वेगवेगळ्या सुरांतल्या आणि लयींतल्या दोन टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या दोन वेगळ्या फेऱ्या, टेपचा वेग बदलून जोडल्या आहेत, त्यामुळे छापील सुरावट म्हणजे एक तडजोडच असते, आणि लेखकाने तसं सांगायला हवं. शार्पच्या (सूर चढवणाऱ्या) चिन्हाऐवजी हॅश आणि फ्लॅटऐवजी (सूर उतरवणाऱ्या चिन्हाऐवजी) इंग्रजी बी टाइप केलेला असतो. खरी चिन्हं घातली की काही फॉन्टमध्ये त्यांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात, म्हणून पीडीएफ झाल्यावर ही चिन्हं शोधून पाहावीत. नोटेशन वर्डमध्ये चिकटवून घेऊ नये, वर्ड चित्र दाबून टाकतं. एसव्हीजी (मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) किंवा पीडीएफ अशी वेगळी फाइल मागावी. फोटो छापायच्या आकारात 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) हवा. स्पेक्ट्रोग्रामच्या, म्हणजे आवाजातल्या कंपनांच्या आलेखाच्या, आडव्या अक्षावर सेकंद आणि उभ्यावर हर्ट्झ लिहिलेलं नसेल तर ते नुसतं रंगीत ढग असतात.

चाहत्यांच्या ऑनलाइन गप्पा उद्धृत करणारे निबंध वाढले आहेत. टोपणनाव काढलं म्हणजे माणूस झाकला गेला असं लेखकांना वाटतं, पण वाक्य जसंच्या तसं शोधयंत्रात टाकलं की खातं समोर येतं. कॉपी एडिटरने हा प्रयोग करून पाहावा आणि सापडलं तर लेखकाला आशय स्वतःच्या शब्दांत मांडायला सांगावं. जिवंत कलाकारावरचा आरोप असेल तर प्रसिद्ध झालेला आणि पडताळता येण्याजोगा आधार हवाच. 'सगळ्यांना माहीत आहे' हा आधार नव्हे.

पुस्तक परीक्षणांचा विभाग नवख्याला सांभाळायला बरा. प्रकाशकाकडून प्रत मागवायची, लिहिणारा शोधायचा, आठशे ते बाराशे शब्द, तीन महिने. घोटाळा एकच होतो: प्रत जाते, परीक्षण येत नाही, आणि तो प्रकाशक पुढच्या वेळी प्रत देत नाही. ई-पुस्तक पाठवलं तर टपालखर्च वाचतो, पण छापील पुस्तक हातात पडलेला माणूस लिहून देण्याची शक्यता जास्त. होकार घेतानाच विचारावं की लेखक तुमचा मार्गदर्शक, सहकारी किंवा मित्र आहे का.

विशेषांक बाहेरून सोपा वाटतो कारण अतिथी संपादक सगळं करतील अशी समजूत असते. आवाहनापासून प्रकाशनापर्यंत दीड वर्ष धरावं. आठ निबंध हवे असतील तर बारा सारांश निवडावेत, दोन-तीन लेखक गळतात, एखादा निबंध नाकारला जातो. अतिथी संपादकाचा स्वतःचा निबंध असेल तर त्याचा रिव्ह्यू मंडळातल्या दुसऱ्या कुणी करवून घ्यायचा, हे आवाहन निघण्यापूर्वी लेखी ठरवावं, नंतर बोलायला संकोच वाटतो.

प्रॉडक्शनमध्ये पीडीएफ आणि एचटीएमएल तयार होतात, लेखकाला प्रूफ पाहायला पाच ते सात दिवस मिळतात, आणि या वेळी नवा परिच्छेद घालू द्यायचा नाही. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, दिला की काम झालं असं नसतं. क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेकडे नोंदवला नाही तर तो दुवा कुठेच पोचत नाही, आणि जर्नलचं संकेतस्थळ हललं की प्रत्येक नोंदीतला पत्ता नव्याने भरावा लागतो. संग्रहणाची सोय पहिल्या अंकापासून हवी. 2000 ते 2019 या काळात 174 खुली जर्नलं वेबवरून नाहीशी झाल्याचं एका अभ्यासात आढळलं होतं. ओजेएस वापरणाऱ्यांसाठी पीकेपी प्रिझर्व्हेशन नेटवर्क ही संग्रहणाची सोय मोफत आहे, एक प्लगइन सुरू करायचं असतं. तेवढंही राहून जातं, कारण ते कुणाच्याच पदाच्या नावात बसत नाही.

पद सोडताना कागद नीट करावे. डोमेनची मुदत कधी संपते आणि पैसे कुणाच्या कार्डावरून जातात, सर्व्हरचा पासवर्ड, क्रॉसरेफचं खातं, शैलीपत्रकाची (लेखनाच्या ठरलेल्या नियमांची) ताजी प्रत, रिव्ह्यूअरांची यादी. सोबत एक तक्ता: प्रत्येक निबंध, तो कुठल्या टप्प्यावर आहे, कुणाकडे आहे, कधीपासून आहे आणि शेवटचं पत्र कोणत्या तारखेला गेलं. तोंडी दिलेली आश्वासनंही त्यात लिहावीत, 'तुमचा निबंध डिसेंबरच्या अंकात घेऊ' असं कुणाला म्हटलेलं असतं आणि नव्या संपादकाला त्याचा पत्ता नसतो. ज्या लेखकांचे आणि रिव्ह्यूअरांचे निबंध अर्ध्यावर आहेत त्यांना जाणाऱ्याने स्वतः लिहून कळवावं की यापुढची पत्रं अमुक नावाने येतील. अनोळखी नावाने आलेली आठवण लोक उघडतच नाहीत.